महामारीकाळातील कॅथलिक धर्मग्राम-जीवन व उपासना

संसर्गजन्य रोगाच्या साथीमुळे एकत्र जमण्यास मनाई झाली असता कॅथलिक धर्मग्रामांनी मिस्सा (भाकर व द्राक्षरस अर्पण करून होणारी मुख्य सामुदायिक उपासना), संस्कार (बाप्तिस्म्यासारखे पवित्र विधी), अंत्यविधी व सेवाकार्य यांत जे बदल केले, त्यांचा व त्यांमागील धर्मशास्त्रीय भूमिकेचा विचार या नोंदीत केला आहे. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचा, प्रमुख धर्मगुरूच्या देखरेखीखालील श्रद्धावंतांचा समुदाय. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून बिशपांच्या अखत्यारीतील धर्मप्रांत होतो. येथे मुख्यतः २०२०–२१ मधील कोविड साथीचा आणि तीत मुंबई महाधर्मप्रांत व १९९८ मध्ये त्यातून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत यांचा परामर्श घेतला आहे. वसईतील सामवेदी, वाडवळ, कोळी इत्यादी कॅथलिक समाजांची उपासना मराठीतून चालते, त्यामुळे या साथीचा मराठी ख्रिस्ती जीवनावर झालेला परिणाम तेथे ठळकपणे दिसतो.

कॅथलिक उपासनेचा पाया शब्दाइतकाच स्पर्शाचाही आहे. बाप्तिस्म्यात डोक्यावर पाणी ओतले जाते, रुग्णाच्या कपाळाला व तळहातांना तेल लावले जाते, धर्मगुरूच्या हातून ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत अर्पिलेली पवित्र भाकर, घेतला जातो, शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रूसाचे चुंबन घेतले जाते, चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण केली जाते. नेमका हाच स्पर्श साथीच्या काळात धोक्याचा ठरतो. त्यामुळे महामारीत चर्चपुढे उभा राहणारा प्रश्न केवळ गर्दी टाळण्याचा नसतो. कोणती गोष्ट दुरून करता येते आणि कोणती येत नाही, हे ठरवण्याचा असतो.

हा प्रश्न नवा नव्हता. १५२२ मधील प्लेगमध्ये रोमच्या सान मार्चेल्लो चर्चमधील लाकडी क्रूसमूर्तीची मिरवणूक अनेक दिवस शहरभर फिरली. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग पसरला, तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून मिस्सा अर्पण करण्याची व्यवस्था केली, म्हणजे घरात अडकलेल्या लोकांना खिडकीतून तीत सहभागी होता येईल. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान केले ते गोव्यात जन्मलेले कॅथलिक डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. त्या साथीत मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतील लोकांनी गल्लीच्या तोंडाशी व विहिरीजवळ क्रूस उभारून तेथेच सायंप्रार्थना सुरू केल्या. त्यांपैकी अनेक क्रूस आजही उभे आहेत आणि मे महिन्यात त्यांना फुलांच्या माळा घातल्या जातात. शेजारून रोज जाणाऱ्या कित्येकांना मात्र ते प्लेगच्या दिवसांतले आहेत याची कल्पना नसते.

कोविडच्या साथीत इटलीतील सार्वजनिक मिस्सा ८ मार्च २०२० पासून बंद झाल्या, त्या १८ मे रोजी पुन्हा सुरू झाल्या. या काळात पोप फ्रान्सिस यांची व्हॅटिकनमधील सांता मार्ता निवासातील रोजची सकाळची मिस्सा जगभर थेट दाखवली जात होती. लोम्बार्डीतील एका धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामस्थांकडून त्यांची छायाचित्रे मागवली, चर्चच्या रिकाम्या बाकांवर ती चिकटवली आणि त्यांच्याकडे पाहत मिस्सा अर्पण केली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोपमहाशयांनी पावसाने भिजलेल्या, निर्मनुष्य सेंट पीटर चौकात उभे राहून, वादळात होडीत निजलेल्या येशूच्या मार्कलिखित प्रसंगावर चिंतन केले. १५२२ ची ती क्रूसमूर्ती त्या वेळी तेथे पावसात उभी होती. उपासनाविषयक रोमन कार्यालयाने १९ व २५ मार्चला काढलेल्या आदेशांत ईस्टर पुढे ढकलता येणार नाही, हे प्रथम स्पष्ट केले आणि मग सवलती दिल्या : पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी वगळावा, शुभ शुक्रवारी क्रूसाचे चुंबन फक्त मुख्य पुरोहिताने घ्यावे, पास्काचे जागरण, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना, कॅथेड्रलमध्ये (बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये) व धर्मग्रामाच्या चर्चमध्येच व्हावे. ३० मार्चला ‘महामारीच्या काळातील मिस्सा’ असा स्वतंत्र प्रार्थनापाठही देण्यात आला.

भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली, त्या वेळी प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, निम्म्याहून अधिक सरला होता. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलचा शुभ शुक्रवार आणि १२ एप्रिलचा ईस्टर हे तिन्ही दिवस घरात पाळावे लागले. वसईच्या बागायती गावांत एरवी झावळ्या हाती घेऊन चर्चला प्रदक्षिणा घातली जाते. त्या वर्षी परसातल्या माडाची झावळी तोडून ती दारावर लावण्यात आली. टेबलावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती व बायबल मांडायचे, मोबाइल डब्याला टेकवून उभा करायचा आणि सगळ्या घराने चर्चमध्ये उठतात-बसतात तसेच उठायचे-बसायचे, ही घराघरांतली वेदी बनली. कुटुंब हे ‘घरातील ख्रिस्तसभा’ आहे ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण प्रवचनांतून पुष्कळ ऐकली गेली होती. ती प्रत्यक्ष अंगावर पडली ती याच आठवड्यात. ज्या घरांत संध्याकाळची जपमाळ टिकून होती, त्यांना हे जड गेले नाही. जेथे ती मोडली होती, तेथे आजीआजोबांना पुन्हा पुढे बसवावे लागले.

पडद्यावरील मिस्सेचे मोल मोठे असले तरी तिची मर्यादाही धर्मशास्त्राने आखून दिलेली आहे. रविवारी मिस्सेला हजर राहण्याचे बंधन बिशप शिथिल करू शकतात, आणि गंभीर कारणाने मिस्सा अशक्य झाल्यास घरी प्रार्थनेत वेळ घालवावा असे धर्मसभेच्या कायद्याच्या कलम १२४८ मध्ये म्हटले आहे. परंतु ख्रिस्तप्रसाद पडद्यातून देता येत नाही. त्याऐवजी ‘आत्मिक ख्रिस्तप्रसाद’, म्हणजे प्रभूला अंतःकरणात येण्याची विनवणी करणारी जुनी प्रार्थना, सर्वत्र म्हटली गेली. ती संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) दूरध्वनीवरून होऊ शकत नाही, हाही नियम कायम राहिला. धर्मगुरू भेटू शकत नसेल तर खऱ्या पश्चात्तापाने थेट देवाशी बोलावे व नंतर संधी मिळताच पापनिवेदन करावे, ही धर्मशिक्षणातील तरतूद पोपमहाशयांनी २० मार्चच्या प्रवचनात समजावून सांगितली. त्याच दिवशी रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे व त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे यांना पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे क्षमा झालेल्या पापांबद्दल भोगायच्या शिक्षेतून संपूर्ण सूट, जाहीर झाली. हे नियम बाहेरून कठोर वाटतात. पण संस्कार हे माहितीसारखे पाठवायचे नसतात, त्यांत माणसाला माणसासमोर यावे लागते, ही धारणा त्यांच्या मुळाशी आहे आणि तिच्याशी तडजोड न करण्यात चर्चने योग्य तेच केले.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, उघडली. एकाआड एक बाकांवर खुणा, दारात तापमापक, कोरडी ठेवलेली पवित्र पाण्याची पात्रे, शांतीच्या अभिवादनात हस्तांदोलनाऐवजी नमस्कार आणि ख्रिस्तप्रसाद जिभेवर न घेता हातावर, असे मिस्सेचे रूप होते. नमस्काराची पद्धत भारतातील चर्चमध्ये आधीपासूनच रुळलेली असल्याने तिचे कोणाला नवल वाटले नाही. त्या वर्षी महापालिका क्षेत्रांत रात्री अकरापासून संचारबंदी असल्याने नाताळची मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच उरकावी लागली. १७ फेब्रुवारी २०२१ च्या राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर बोटाने क्रूस रेखण्याऐवजी, सूत्रवाक्य सर्वांसाठी एकदाच उच्चारून, धर्मगुरूने मुखपट्टी लावून मूकपणे डोक्यावर राख भुरभुरावी, अशी रोमची सूचना होती. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेमुळे दारे पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. वांद्र्याच्या मोत माउलीची सप्टेंबरमधील जत्रा २०२० व २०२१ अशी सलग दोन वर्षे भरली नाही.

सर्वांत खोल जखम झाली ती मरणाच्या बाबतीत. ख्रिस्ती गावात मृत्यू हा एका घराचा नसतो. घंटा वाजते, शेजारी स्वयंपाक सांभाळतात, रात्रभर जपमाळ चालते, आणि शवपेटी खांद्यावरून चर्चमध्ये येते. कोविडमध्ये यांतले जवळजवळ सगळेच हिरावले गेले. प्लास्टिकच्या आवरणातील मृतदेह थेट दफनभूमीत येत असे. मोजके नातेवाईक दूर उभे राहत, संरक्षक पोशाखातला धर्मगुरू किंवा स्वयंसेवक काही मिनिटांत प्रार्थना आटोपत असे, आणि तिकडे परदेशातली मुले मोबाइलवर ते पाहत असत. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने, मृत कोणत्याही धर्माचा असला तरी दहनच करावे, असे परिपत्रक काढले व त्याच दिवशी ते सुधारून घेतले. वांद्रे येथील कब्रस्तानांत कोविड मृतांच्या दफनाला हरकत घेणाऱ्या याचिका मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. चर्चच्या कायद्यानुसार १९६३ पासून दहनाला मुभा आहे. २०१६ च्या रोमन निर्देशानुसार अस्थी घरी न ठेवता वा न विखुरता पवित्र जागी ठेवाव्या लागतात. केरळमधील आलप्पुळा धर्मप्रांताने जुलै २०२० मध्ये, पाणथळ जमिनीत खोल खड्डे खणणे अवघड असल्याने, दहन करून अस्थी धर्मग्रामाच्या दफनभूमीत पुरण्याचा मार्ग स्वीकारला. कायद्याने मोकळा असलेला हा मार्ग मनाने स्वीकारणे मात्र अनेक कुटुंबांना कठीण गेले, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

या काळात धर्मगुरूंवरचा भारही समजून घेतला पाहिजे. इटलीत पहिल्या काही आठवड्यांतच सुमारे शंभर धर्मगुरू दगावले. भारतात २०२१ च्या उन्हाळ्यात शेकडो धर्मगुरू व धर्मभगिनी मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी बऱ्याच जणी रुग्णसेवेत होत्या. धर्मग्रामांच्या पातळीवर धान्याच्या पिशव्या, वृद्धांची औषधे, अडकलेल्या स्थलांतरित मजुरांचे जेवण ही कामे तरुणांनी व सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीसारख्या संघटनांनी उचलली. रविवारचे दान थांबल्याने लहान चर्चची आर्थिक ओढाताण झाली, तरीही मदतीचा ओघ पूर्ण आटला नाही.

चर्च उघडल्यावर लोक एकाच लाटेत परतले नाहीत. सप्टेंबर २०२० मध्येच रोमच्या उपासना कार्यालयाने, प्रत्यक्ष मिस्सेची जागा कोणतेही प्रक्षेपण घेऊ शकत नाही, असे बिशपांना पत्राने कळवले होते. निर्बंध उठल्यावर रविवारचे बंधनही ठिकठिकाणी पूर्ववत लागू करण्यात आले. थेट प्रक्षेपण मात्र पुष्कळ धर्मग्रामांनी चालू ठेवले आहे, ते मुख्यतः अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि आखातात वा परदेशात असलेल्या गावकऱ्यांसाठी. ज्यांच्या अंत्यविधीला कोणी येऊ शकले नव्हते, त्यांच्यासाठी पुढे स्मरण-मिस्सा झाल्या. त्या दिवशी वेदीपुढे छायाचित्र ठेवून, राहून गेलेली जपमाळ सगळ्या वाडीने मिळून म्हटली.