दाव्याची गाठ आणि झाडावरचा सॉफ्ट शॅकल

आत्तेभावानं झाडावर चढायचं सगळं सामान अंगणात पसरलं होतं, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), दोर, पुल्या, कॅराबिनर (उघडझाप होणारं दार असलेली धातूची कडी), आणि त्यात एक करड्या रंगाची दोरीची कडी पडली होती, करंगळीपेक्षाही बारीक. तात्यांनी ती उचलली, फासा जरा सैल करून गाठ बाहेर काढली, परत आत घातली आणि म्हणाले, "आरं, ही तर दाव्याची गत हाय की."

बरोबर होतं त्यांचं. बेंदराला बैलासाठी नवं दावं आणतो ना, घायपाताचं, एका टोकाला फासा आणि दुसऱ्या टोकाला जाड गाठ, गळ्याभोवती फिरवून गाठ फाशात अडकवली की झालं. सॉफ्ट शॅकल म्हणजे तेच. सदऱ्याची गुंडी आणि काज म्हणा पाहिजे तर. फरक फक्त दोरीत आहे, आणि लेखातली सगळी गंमत पण त्या दोरीतच आहे.

आमचा हा भाऊ साताऱ्यात आणि आसपास फांद्या उतरवायची कामं घेतो. मे महिन्यातल्या वळवात गुलमोहर नाहीतर रेनट्रीची फांदी कुणाच्या पत्र्यावर येणार हे ठरलेलंच असतं, म्हणून त्याच्या आधी लोक बोलावतात, आणि घर खाली असताना फांदी नुसती तोडून चालत नाही, बांधून हळू सोडावी लागते. मग फांदीला पुली अडकवायला, हत्यारं टांगायला, दोराला दोर जोडायला काहीतरी कडी लागते. नेहमीची कडी म्हणजे धातूचा कॅराबिनर. त्याच्या अंगावरच ताकद कोरलेली असते, लांबीच्या दिशेनं २२ किलोन्यूटन वगैरे, म्हणजे साधारण सव्वादोन टन, पण तोच फांदीवर आडवा पडला आणि लोड दाराच्या बाजूनं आला तर ७-८ किलोन्यूटनवर येतो. दोरीच्या कडीला आडवं-उभं काही नसतंच, ती वळेल तशी वळते. वजन चाळीसेक ग्रॅम, आणि वरून डोक्यात पडली तरी टेंगूळ येत नाही (हे मी स्वतः अनुभवलंय, कॅराबिनरचं मात्र विचारू नका).

आता दोरी. डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावानं मिळते, आणि आहे काय तर पॉलिथिलीन. भाजीच्या कॅरीबॅगचंच भावंड. कॅरीबॅगमध्ये रेणूंच्या साखळ्या मांजरानं खेळलेल्या लोकरीसारख्या गुंतलेल्या असतात, ओढलं की गुंता सरकतो आणि पिशवी लांबते. डायनिमात साखळ्या मुळातच प्रचंड लांब, रेणूभार काही दशलक्षांच्या घरात, आणि त्या आधी द्रावणात विरघळवून मोकळ्या करतात, मग जेलसारखा धागा काढून भरपूर ताणतात, म्हणजे सगळ्या साखळ्या एका दिशेला शेजारी शेजारी झोपतात. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास ही पद्धत बसवली. त्याच वजनाच्या पोलादाच्या कितीतरी पट ताकद, आणि घनता ०.९७, म्हणजे कृष्णेत टाकली तर तरंगेल. ६ मिलिमीटरची दोरी साडेतीन टनाच्या आसपास तुटते.

पण हा धागा भयंकर गुळगुळीत, हाताला तेलकटच लागतो. ऑयलर नावाच्या गणितज्ञाचा एक हिशेब आहे, खांबाला दोरीचे वेढे दिले की प्रत्येक वेढ्याला पकड नुसती वाढत नाही तर गुणत जाते. घर्षणांक ०.२५ धरला, साध्या खरबरीत दोराला तेवढा धरायला हरकत नाही, तर पाच वेढ्यांनंतर एका टोकाला एक किलोचा हात दुसऱ्या टोकाचे अडीच हजार किलो धरून ठेवतो. उधळलेला बैल खांबाला दोन वेढे मारून पोरगं पण थोपवतं ते याच्यामुळंच. तोच घर्षणांक ०.१ केला की पाच वेढ्यांना फक्त तेवीस किलो! म्हणून डायनिमाला साधी गाठ मारली की ती सरळ सरकून सुटते, आणि नाही सुटली तर गाठीपाशी तुटते, कारण गाठीत दोरी वळते, वळणाच्या बाहेरच्या धाग्यांवर सगळा ताण येतो आणि आतले नुसते बघत बसतात. नायलॉन असता तर बाहेरचे थोडे लांबले असते आणि आतल्यांना कामाला लावलं असतं. हा धागा जेमतेम तीन-चार टक्के लांबतो आणि मग तुटतोच.

त्यामुळं गाठीऐवजी या दोरीत दोरीच घुसवतात. बारा पेडी विणीची ही दोरी आतून पोकळ असते, तिच्या पोटात तिचंच शेपूट सारलं की बाहेरून ओढल्यावर वीण आवळते आणि आतलं शेपूट चिमटून धरते, जितकं ओढाल तितकं घट्ट. जत्रेत वेताची ती विणलेली नळी मिळते बघा, दोन बाजूंनी बोटं घातली की ओढून निघत नाहीत, तेच. पण घर्षण कमी म्हणून शेपूट लांब लागतं, जाडीच्या ७२ पट असा दंडक आहे, म्हणजे ६ मिलिमीटरला त्रेचाळीस सेंटिमीटर. आपल्याकडं सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं पीळच नाही, सगळी मदार विणीवर.

शॅकल करायला पावणेदोन मीटर दोरी घेतली. पहिला त्रास कापायचा, घरातली कात्री नुसती दोरी चघळते, टेप गुंडाळून नवं ब्लेड लावलं तेव्हा कुठं कापली. सायकलच्या ब्रेकची बारीक तार दुमडून सुई केली. दोरी मधोमध दुमडली की दोन पाय होतात, त्यातल्या एका पायातनं दुसरा पाय आरपार ओढला की तिथं फासा तयार होतो, लहान-मोठा करता येतो असा. मग दोन्ही शेपट्या शेजारी धरून टोकाला गुंडीची गाठ, डायमंड नॉट म्हणतात तिला, शेपट्या एकमेकींच्या वर-खाली विणून शेवटी प्रत्येक शेपटी शेजारच्या पायाला वळसा घालून मधल्या भोकातनं वर काढायची. वाचून कळणार नाही, मला पण चौथ्यांदा जमली. आणि खरं काम पुढंच, ती आवळायची. हातानं कितीही आवळली तरी ती आवळलेली नसते. आम्ही कडी चेन ब्लॉकला (ओझं उचलायच्या साखळीच्या कप्पीला) लावून ताणली तर बोराएवढी गाठ बघता बघता लहान कडक झाली आणि शेपट्या दोन बोटं आत सरकल्या! शेपट्या आखूड कापल्या असत्या तर गाठच उलगडली असती. म्हणून आधी ताणायचं, मग शेपट्या पोटात लपवायच्या.

फाशाचं माप पण नेमकं लागतं. गाठ जेमतेम आत गेली पाहिजे, आणि फासा गाठीखाली मानेला आवळून बसला पाहिजे. ढिला राहिला तर लोड असेपर्यंत काही होत नाही, लोड गेला आणि वाऱ्यानं हलत राहिला की गाठ हळूच बाहेर येऊ शकते. दावं ढिलं झाल्यावर बैल सकाळी उसात सापडतो, तसंच.

दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन पदर, म्हणजे चार पदरांची ताकद मिळायला पाहिजे असं वाटतं ना? मिळत नाही. साध्या शॅकलला दोरीच्या पावणेदोन पट, एक पाय दुसऱ्याच्या पोटात घालून केलेल्याला सव्वादोन-अडीच पटीपर्यंत. बाकीची ताकद गाठ आणि मानेवरचं वळण खातं, तुटतो पण बहुतेक तिथंच.

आता ज्यात आम्ही हात पोळले ते. डायनिमा १५० डिग्रीच्या आसपास वितळतो, नायलॉन दोनशेच्या वर, पॉलिस्टर अडीचशेच्या. गेल्या वर्षी यवतेश्वर घाटाच्या बाजूला एक फांदी उतरवताना पुली खाली राहिली म्हणून आम्ही दोर थेट शॅकलमधनंच ओवला, एवढंसं तर ओझं आहे म्हणून. ८० किलोची फांदी १५ मीटर खाली आली की साधारण १२ हजार ज्यूल उष्णता कुठंतरी जिरावी लागते. बुंध्याला वेढे होते, बरीचशी तिथं गेली, पण शॅकलवर घासणारी जागा कायम तीच आणि तिथला धागा पाच ग्रॅमचा धरा, त्याला वितळायच्या तापमानापर्यंत न्यायला बाराशे-तेराशे ज्यूल पुरतात. म्हणजे दहातला एक हिस्सा. फांदी सुखरूप उतरली, शॅकल काढून बघितला तर आतल्या बाजूला मेणासारखा चकचकीत पट्टा आणि बोटानं दाबला तर काडीसारखा कडक. चालता दोर नेहमी पुलीतनं नाहीतर ॲल्युमिनियमच्या रिंगमधनं, आणि शॅकलनं फक्त ती रिंग धरायची, रिंग उष्णता पसरवून टाकते.

दुसरी गोष्ट झटक्याची. ८० किलोचा माणूस एक मीटर पडला आणि दोरानं अर्ध्या मीटरात थांबवला तर अंगावर सरासरी अडीच किलोन्यूटनच्या आत बसतात, तोच दहा सेंटिमीटरात थांबला तर साडेआठ. कडी तुटणार नाही हो, कंबर जाईल. लांबणारा दोर वर असला पाहिजे, नुसत्या डायनिमावर लोंबकळायचं नाही. म्हणून घरी केलेले शॅकल आम्ही फांद्या, पुली आणि करवतीलाच लावतो, अंगाला मात्र शिक्का मारलेलं तपासलेलं सामान. भावाला हे जरा जास्तच वाटतं, त्याची गाठ माझ्यापेक्षा सुबक येते हे खरंय, पण ती किती टनाला सुटते हे तोडून बघितल्याशिवाय कळत नाही आणि तोडली की ती वापरता येत नाही.

तो पोळलेला शॅकल फेकायचा म्हणून बाजूला ठेवला होता, तात्यांनी उचलून गोठ्याच्या फाटकाला लावला. म्हैस रोज चाटून बघते, अजून तरी सुटला नाही.