एचआयव्ही टेस्ट आणि एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) नोंदणी: कुठे जायचं, काय कागद लागतात

सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची टेस्ट फुकट होते आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही, हे अजून खूप जणांना माहीत नाही म्हणून सगळं एका जागी लिहितोय. देशात २०१० पासून नवीन लागण ४४ टक्क्यांनी आणि मृत्यू ७९ टक्क्यांनी कमी झालेत, चांगलीच गोष्ट आहे, पण २०२३ या एका वर्षात तरीही ६८ हजारांवर लोकांना नव्याने लागण झाली, आणि देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या एकूण २५ लाखांतले जवळपास ४ लाख आपल्या महाराष्ट्रातले.

टेस्टसाठी सिव्हिल, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र, विचारा. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतात, रिपोर्ट बहुतेक त्याच दिवशी मिळतो. १८ च्या खाली असाल तर पालकांची संमती लागते. प्रायव्हेट लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट असला तरी इथे परत टेस्ट होते, तीन वेगवेगळ्या किटवर, त्यामुळे वैतागू नका. असुरक्षित संबंधासारखा धोका नुकताच झाला असेल तर निगेटिव्ह आल्यावर खूश होऊन विसरू नका, समुपदेशक सांगतील तेव्हा परत यायचं. आणि त्या धोक्यापासून ७२ तासांच्या आत असाल तर टेस्टची वाट न बघता आधी पीईपीच्या, म्हणजे लागण टाळणाऱ्या, गोळ्यांसाठी पळा, त्यात प्रत्येक तास महत्त्वाचा.

गुप्तरोगाची लक्षणं असतील, जखम, स्राव, जळजळ, तर सुरक्षा क्लिनिक वेगळं असतं, तिथेही औषधं मोफत. लाजून मेडिकलवरून अँटिबायोटिक घेऊ नका प्लीज. सिफिलिसची टेस्टही तिथेच करून घ्या, गरोदर बाईची तर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही व्हायलाच पाहिजेत.

पॉझिटिव्ह आलं तर आयसीटीसीचा रिपोर्ट, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन एआरटी केंद्रात नोंदणी करायची. एखादा कागद नसेल तर तो जमेपर्यंत घरी बसू नका, तसेच जा आणि तिथे सांगा. आधी सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी झाल्यावरच गोळ्या द्यायचे, २०१७ पासून ती अट गेली, आता प्रत्येक पॉझिटिव्ह माणूस पात्र आहे. टीबीची तपासणी आणि बाकीचं रक्त बघून गोळ्या सुरू होतात, बहुतेकांना रोज एकच. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा आकडा, बघतात, तो दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

कामासाठी पुणे-मुंबईला गेलात तर केंद्रातून ट्रान्सफर घ्या, गोळ्यांत खंड पाडू नका. तुमची माहिती संमतीशिवाय कुणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला होतो, त्याला वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, आधार, बँक पासबुक जोडा. केंद्र सापडत नसेल तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे.