रिव्हिजन आणि पुन्हा वाचन: सीएच्या अभ्यासातली एक महागडी गल्लत

‘माझी तिसरी रिव्हिजन चालू आहे’ हे वाक्य सीएच्या (चार्टर्ड अकाउंटन्सीच्या) पोरांच्या तोंडी इतकं रुळलेलं आहे, की नक्की काय चालू आहे हे कुणी विचारत नाही. एकाच अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या दोघांची तिसरी रिव्हिजन चालू असते. त्यातला एक जण ऑडिटचं पुस्तक उघडून, आधीच पिवळ्या केलेल्या ओळींवर आता गुलाबी हायलायटर फिरवतो आहे. शेजारच्या मुलीने पुस्तक मिटून ठेवलं आहे, पुढ्यात कोरा कागद आहे आणि ती छताकडे बघते आहे. लांबून बघणाऱ्याला पहिला मन लावून अभ्यास करतोय आणि दुसरी टंगळमंगळ करतेय असं वाटेल. खरी रिव्हिजन त्या मुलीची चालली आहे. पहिल्याचं चाललं आहे ते पुन्हा वाचन.

दोन्हीत पुस्तक तेच, तास तितकेच, टाइमटेबलात बरोबरची खूणही सारखीच. म्हणून घोटाळा होतो. फरक एवढाच, की पुन्हा वाचताना मजकूर बाहेरून आत जातो आणि रिव्हिजन करताना तो आतून बाहेर काढावा लागतो. परीक्षेत तीन तास फक्त बाहेर काढायचंच काम असतं.

यावर २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी समजून घ्यावा असा आहे. अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे उतारे दिले. एका गटाने चार वेळा वाचनच केलं. दुसऱ्या गटाने पहिल्या वेळी वाचलं आणि पुढचे तीनही वेळ न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. गंमत पुढेच आहे. आपल्याला आठवड्याने किती आठवेल असा अंदाज विचारला, तर सर्वांत जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

त्या खात्रीचं मूळ साधं आहे. तिसऱ्यांदा वाचताना पान भराभर सरकतं, पुढची ओळ काय येणार हे आधीच कळतं आणि आपण मनाशी म्हणतो, ‘हे आलं’. दुचाकीवर रोज मागे बसणाऱ्यालाही रस्ता असाच ओळखीचा वाटतो. हँडल हातात दिलं की तिसऱ्या चौकात गाडी थांबते.

आता सीएची परीक्षा ज्या पद्धतीने घेतली जाते तिच्याशी हे ताडून बघा. मे २०२४ पासून नव्या अभ्यासक्रमाने परीक्षा सुरू झाल्या. इंटरमीजिएट (मधला टप्पा) आणि फायनल (शेवटचा), दोन्हीकडे आता सहा-सहा पेपर आणि तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण हवेत आणि ग्रुपचे मिळून ३०० पैकी १५०. ५८, ५५ आणि ३८ मिळाले तर बेरीज १५१ होऊनही ग्रुप जातो. ५२, ४९ आणि ४८ मिळाले तर एकाही पेपरात नापास नसताना एका गुणाने जातो. बहुतेक पेपरांत ३० गुण केस सिनॅरिओवरच्या, म्हणजे दिलेल्या प्रसंगावरच्या, एमसीक्यूंना (बहुपर्यायी प्रश्नांना) आणि ७० लेखी उत्तरांना. तीन तासांत शंभर गुण म्हणजे एका गुणाला १.८ मिनिटं. ऑडिटच्या पाच गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं मिळतात, त्यात प्रश्न वाचायचा, कोणतं स्टँडर्ड (ठरवून दिलेला नियमसंच) लागतं ते ठरवायचं आणि लिहायचं. नुसत्या ओळखीच्या जोरावर मुलं चाळिशीच्या आसपास येऊन अडकतात ती या नऊ मिनिटांमुळे, असं माझं मत आहे. येत सगळं असतं, वेळेत हाताशी येत नाही.

ऑडिटचंच उदाहरण घेऊ, कारण गल्लत सगळ्यात जास्त तिथे होते. प्रश्न असा येतो: कंपनीच्या एका मोठ्या डेटरला (कंपनीचे पैसे देणं असलेल्याला) येणे रकमेच्या कन्फर्मेशनचं, म्हणजे खातरजमेचं, पत्र पाठवू नका असं व्यवस्थापनाने ऑडिटरला सांगितलं, ऑडिटरने काय करावं? एसए ५०५ (अशा कन्फर्मेशनबद्दलचं ऑडिटचं स्टँडर्ड) तीनदा वाचलेल्याला हा प्रश्न बघून हायसं वाटतं. तो लिहायला लागतो: कारण विचारावं, दुसऱ्या मार्गाने पुरावा मिळवावा. आणि इथे पेन थांबतं. पुस्तकात आणखी काय आहे? सांगितलेलं कारण पटण्यासारखं आहे का याचाही पुरावा शोधायचा. या नकाराचा जोखमीच्या अंदाजावर, विशेषतः फसवणुकीच्या शक्यतेवर, काय परिणाम होतो ते तोलायचं. नकार अवाजवी वाटला किंवा पर्यायी पुरावा मिळालाच नाही तर एसए २६० प्रमाणे कंपनीच्या कारभाराची जबाबदारी असणाऱ्यांना कळवायचं. शेवटी एसए ७०५ प्रमाणे अहवालावर काय परिणाम होईल ते ठरवायचं. हे मुद्दे दाखवले की तोच मुलगा म्हणतो, ‘अरे, हे सगळं मला माहीत होतं.’ खोटं नाही ते. पण पुस्तक मिटून हे मुद्दे त्याने स्वतःच्या डोक्यातून एकदाही काढले नव्हते. पहिल्यांदा काढायची वेळ आली ती परीक्षेच्या हॉलमध्ये.

‘मग पाठच करायचं का?’ असा प्रश्न यावर हटकून येतो. नाही. पाठांतरात ओळी येतात, त्यातली एक निसटली की पुढच्या सगळ्या निसटतात. आठवून काढताना आपण मुद्द्यांचा एकमेकांशी असलेला संबंध शोधत असतो: आधी कारण, मग जोखीम, मग पर्याय, मग कुणाला कळवायचं, मग अहवाल. हा क्रम ऑडिटरच्या कामाचाच आहे, आणि तो एकदा सापडला की अर्ध्या स्टँडर्डांना लागू पडतो. भाषा थोडी इकडेतिकडे झाली तरी मुद्द्याचे गुण मिळतात.

प्रॅक्टिकल विषयांत ‘इथे तर गणितं असतात, आम्ही वाचत थोडेच बसतो’ असा समज असतो. पण तिथेही पुन्हा वाचन होतंच, फक्त ते सोडवण्याचा वेश घेऊन येतं. गणित वाचलं, दोन ओळी मांडल्या, अडलं म्हणून उत्तराकडे डोकावलं, वर्किंग नोट बघून ‘हं, बरोबर’ म्हटलं आणि पुढच्या गणिताकडे. याला सोडवणं म्हणता येणार नाही. निदान दहा मिनिटं अडून बसल्याशिवाय उत्तराचं पान उलटायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी फरक पडतो.

दुसरी अडचण याहून लपलेली आहे. आपण गणितं धड्याप्रमाणे सोडवतो. इंड एएस ११६ (लीजचे, म्हणजे भाडेकराराचे, हिशेब सांगणारं स्टँडर्ड) च्या धड्यातलं गणित हे लीजचंच असणार, हे शीर्षकच सांगतं. पेपरात मात्र शीर्षक नसतं. यंत्र पुरवून त्याची देखभालही करण्याचा करार दिलेला असतो आणि आधी ठरवावं लागतं, की यात लीज आहे का. ते ठरावीक यंत्र आहे का, पुरवठादार ते बदलू शकतो का, वापरावर ताबा कुणाचा? निम्मे गुण या निर्णयात असतात आणि धड्याप्रमाणे सोडवताना नेमका तोच सराव होत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये छापलेल्या प्रयोगात घनफळाची चार प्रकारची गणितं विद्यार्थ्यांना दिली होती. एकेक प्रकार संपवत सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के गणितं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्यांची २० टक्के बरोबर आली आणि दुसऱ्यांची ६३. म्हणजे सरावात जो मागे होता तो परीक्षेत तिपटीने पुढे गेला. पहिल्या वाचनात धड्याप्रमाणे सोडवणं ठीक आहे. नंतरच्या फेऱ्यांत तीन-चार धड्यांची गणितं चिठ्ठ्या टाकून काढावीत.

एमसीक्यूंना मात्र वाचन पुरतं, असं म्हणणारे भेटतात. इंटर आणि फायनलच्या एमसीक्यूंना निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे बिनधास्तपणा आणखी वाढतो. पण चारही पर्याय मुद्दाम जवळजवळचे दिलेले असतात. नुसती ओळख असलेल्याला चारही ओळखीचे वाटतात.

आता पुन्हा वाचनाची बाजूही मांडली पाहिजे, कारण ते सरसकट टाकाऊ नाही. जे नीट समजलेलंच नाही ते आठवून काढता येत नाही. तिथे पुस्तकाकडेच परत जायला हवं. कायदा बदलला की वाचावंच लागतं. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो, आणि जुन्या कलमांचे आकडे तोंडपाठ असलेल्यांची तिथे जास्त पंचाईत आहे, कारण जुनं इतकं पक्कं बसलंय की हात आपोआप तेच लिहितो. आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणत्या दुरुस्त्या लागू आहेत हे परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या सूचनेतून आणि आरटीपीतून (रिव्हिजन टेस्ट पेपरातून) पाहून घ्यायचं, आणि ते वाचूनच. फायनलचा सहावा पेपर तर ओपन बुक आहे. तिथे कुठली गोष्ट कोणत्या पानाच्या आसपास आहे ही ओळखच कामाची असते, म्हणून पुस्तक पुन्हा पुन्हा चाळणं हीच तिथली तयारी. तरीही ज्याला मुद्दा सुचतच नाही, त्याने काय शोधायचं?

यूट्यूबवरची दहा-बारा तासांची ‘मॅरेथॉन रिव्हिजन’ लेक्चरं मी पुन्हा वाचनातच धरतो. फरक इतकाच, की वाचतं दुसरं कुणीतरी, आणि दुप्पट वेगाने. शिकवणाऱ्याची रिव्हिजन झकास होते यात शंका नाही.

करायचं कसं, तर सुरुवात अगदी कोरडी आहे. धडा उघडण्यापूर्वी त्याचं नाव कागदावर लिहायचं आणि खाली आठवतील ते मथळे, अटी, अपवाद. पहिल्यांदा कागद जवळजवळ रिकामा राहतो आणि फार वाईट वाटतं. बहुतेक जण इथेच पुस्तक उघडून पुन्हा वाचनाला लागतात. न उघडता पाच-दहा मिनिटं तसंच बसायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने त्याच कागदावर भरायचं. तीन-चार दिवसांनी दुसरा कोरा कागद, आणि या वेळी फक्त लाल मजकुराचा पाठपुरावा. मधले दिवस मुद्दाम सोडायचे. थोडं विसरू दिल्याशिवाय आठवण्याला जोर लागत नाही. पुस्तकातल्या प्रश्नांना ए, बी, सी अशा खुणा करायची पद्धत आहे. ती महत्त्वावरून करण्यापेक्षा स्वतःला न बघता जमलं की नाही यावरून करावी.

आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) करणाऱ्यांना याचा एक जास्तीचा फायदा आहे. नव्या नियमांनी ती तीनची दोन वर्षांवर आली, पण ऑफिसचे तास काही कमी झाले नाहीत. डोंबिवलीहून सीएसएमटीला निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये पुस्तक उघडायला जागा नसते. आठवून काढायला पुस्तक लागतच नाही. महसुलाच्या नोंदीबद्दलच्या इंड एएस ११५ च्या पाच पायऱ्या, करार, त्यातली वचनं, किंमत, तिची विभागणी, महसूल कधी दाखवायचा, या ठाणे येईपर्यंत मनात मांडून होतात. अडलं ते मोबाइलवर टिपून ठेवायचं आणि रात्री तेवढंच बघायचं.

इन्स्टिट्यूटच्या साहित्याचंही हेच. आरटीपी, एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) आणि आधीच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरं, फुकट मिळतात, आणि कादंबरीसारखी वाचली जातात. ‘एमटीपी बघून घेतली’ असं म्हणणाऱ्याने ती दिलेली नसते. मॉक पेपर दुपारी २ ते ५ या खऱ्या वेळेत, घड्याळ लावून, हाताने लिहून द्यावा. सजेस्टेड आन्सर नंतर उघडावं आणि स्वतःच्या उत्तराशेजारी ठेवून तपासावं. न लिहिता ते वाचणं म्हणजे पुन्हा तेच.

राहता राहिला दोन पेपरांमधला तो दीड दिवस. आदल्या पेपराच्या दिवशी संध्याकाळी पाचला सुटायचं आणि साधारण एका दिवसाच्या सुट्टीनंतर दुपारी पुढचा पेपर. एवढ्यात आख्खा विषय आठवून काढणं शक्य नसतं आणि इथे पुन्हा वाचन चालतं, कारण प्रयोगातल्या त्या पाच मिनिटांसारखी परीक्षा आता अगदी जवळ आलेली असते. पण वाचायचं काय, हे आधीच्या महिन्यांच्या कागदांवरून ठरतं. ज्याच्याकडे लाल पेनाचे कागद आहेत तो तेवढेच काढून बसतो. ज्याच्याकडे तीन रंगांनी हायलायट केलेलं सातशे पानी पुस्तक आहे, त्याला सगळंच सारखं महत्त्वाचं दिसतं, आणि तो पान एकपासून सुरू करतो.