छावणीतले औषध घरच्यांच्या हाती कसे आले

युद्धामुळे घरदार सोडावे लागलेल्यांचा बळी बहुतेक वेळा बंदुकीपेक्षा हगवण, गोवर आणि उपासमारच अधिक घेते, परंतु मदतकार्याची जुनी चौकट या माणसांसाठी नव्हतीच. १८५९ च्या सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर हेन्री ड्युनां यांच्या पुढाकारातून रेड क्रॉसची स्थापना झाली आणि १८६४ चा जिनिव्हा करार झाला, तो जखमी सैनिकांसाठी. सामान्य नागरिकांना असे संरक्षण मिळायला १९४९ चा चौथा करार उजाडावा लागला.

उपचारांच्या इतिहासाला खरी कलाटणी मिळाली ती १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकी (कॉलरा) पसरली. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात रुग्ण जमिनीवरच पडलेले होते. त्यांना सलाइन लावायचे तर उलटी आणि जुलाबांत गुडघे टेकूनच बसावे लागे. सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधून घेतल्या आणि ते पाणी पाजण्याचे काम सरळ रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. हा धाडसी निर्णय वैद्यकीय जगताच्या पचनी पडायला मात्र काही वर्षे गेली.

ज्ञान असूनही ते वेळेवर पोहोचतेच असे नाही. १९९४ मध्ये रवांडातून शेजारच्या झैरेतील (आजच्या काँगोतील) गोमा शहरात आलेल्या निर्वासितांपैकी पहिल्या महिन्यातच सुमारे पन्नास हजार जण पटकी व आमांशाने दगावले. त्यानंतर १९९७ मध्ये सुरू झालेल्या मदतसंस्थांच्या ‘स्फिअर’ प्रकल्पाने माणशी रोजचे १५ लिटर पाणी आणि २,१०० किलोकॅलरी अन्न असे किमान मापदंड ठरवले.

कुपोषणाचा उपचार त्या काळी दवाखान्यातच अडकलेला होता: दुधाची भुकटी पाण्यात कालवायची, पाणी दूषित, आणि आईने बाकीची मुले सोडून आठवडेच्या आठवडे खाटेशी बसायचे. १९९६ मध्ये फ्रेंच पोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां व अन्न-उत्पादक मिशेल लेस्कान यांनी तयार केलेल्या शेंगदाण्याच्या घट्ट मिश्रणाला पाणी लागतच नाही. ९२ ग्रॅमच्या पाकिटातून ५०० किलोकॅलरी मिळतात आणि मूल ते स्वतः चोखून खाते. गुंतागुंत नसलेल्या मुलांवर घरीच उपचार करण्याच्या या पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००७ मध्ये मान्यता दिली. कुपोषण ओळखण्यासाठी मुलाच्या दंडाभोवती रंगीत मोजपट्टी लावतात; घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीचा लाल रंग दिसतो, म्हणजे कुपोषण तीव्र आहे, आणि ती पट्टी लावायला आता अनेक छावण्यांत आयांनाच शिकवले जाते.