मैलापाणी शुद्धीकरण केंद्र : प्रदूषकांचा माग आणि यंत्रांची देखभाल

शहराच्या मलवाहिन्यांतून शुद्धीकरण केंद्रात एखादा घातक पदार्थ आला, तर तो कोणता, किती आणि कुठून आला हे शोधण्याला प्रदूषकांचा माग घेणे म्हणतात. केंद्रातील जाळ्या, पंप, ब्लोअर (टाकीत हवा फुंकणारी यंत्रे) आणि मोजणीची उपकरणे चालती व भरवशाची ठेवणे ही देखभाल. कागदोपत्री पहिले काम प्रयोगशाळेचे आणि दुसरे यांत्रिकी विभागाचे असते. प्रत्यक्षात ती वेगळी काढणे अवघड आहे, कारण बिघडलेल्या यंत्राची आणि विषारी पाण्याची लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात.

बहुतेक मोठ्या केंद्रांत सक्रिय गाळ पद्धत वापरतात. एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टर येथे १९१४ मध्ये ती मांडली. टाकीत हवा सोडायची, तिच्यावर वाढलेल्या जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची, गाळ निवळू द्यायचा आणि त्यातला काही परत टाकीत आणायचा, असा तिचा क्रम. या जिवाणूंमध्ये अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे सर्वांत नाजूक. ते हळू वाढतात आणि जड धातू, सायनाइड किंवा द्रावकांचा फटका आधी त्यांनाच बसतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया चढू लागला की पहिला संशय विषावर जातो.

हा संशय घाईचा ठरू शकतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रीकरणाला सुमारे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यात सुमारे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) खर्ची पडते. हवा कमी पडली, क्षारता संपली किंवा पाणी गार झाले, तरी अमोनिया असाच चढतो. उलगडा करण्यासाठी टाकीतील मिश्रण बाटलीत घेऊन त्यातला विरघळलेला ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते पाहतात. ब्लोअर पूर्वीइतकाच चालू असून टाकीतला ऑक्सिजन वाढला आणि बाटलीतला मात्र हळू उतरू लागला, तर जिवाणू श्वास घेत नाहीत, म्हणजे विषबाधेची शक्यता मोठी. टाकीतला ऑक्सिजन घटला आणि ब्लोअरच्या निर्गम नळीतला दाब वाढला, तर टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूजरची सूक्ष्म छिद्रे बुजली असण्याचा संभव अधिक.

अर्थात ऑक्सिजनचा आकडा पाण्यात बुडवलेल्या ज्या मापकावरून, म्हणजे प्रोबवरून, येतो तो स्वच्छ असेल, तरच या तर्काला अर्थ आहे. प्रोबच्या तोंडावर चिकट थर साचतो आणि त्या थरातलेच जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात. आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, स्वयंचलित नियंत्रण ब्लोअरला आणखी रेटते आणि वीज वाया जाते. अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी हवा सोडण्यातच जात असल्याने ही गळती लहान नसते. म्हणून नमुने घेऊन शहरभर धावण्याआधी प्रोब बाहेर काढावा, मऊ फडक्याने पुसावा, बाष्पाने संपृक्त हवेत धरून वाचन ताडून पाहावे. काही मिनिटांचे हे काम ज्यांनी टाळले, त्यांनी नसलेल्या गुन्हेगाराचा पाठलाग केल्याची उदाहरणे या व्यवसायात नवी नाहीत.

सूक्ष्मदर्शकही तितकाच कामाचा. निरोगी गाळात देठावर डोलणारे रोमक जीव आणि रोटिफर हे सूक्ष्म जीव दिसतात. विष आले की त्यांची हालचाल थांबते, गाळाचे पुंजके फुटतात आणि वरचे पाणी गढूळ राहते. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीच्या (घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो याच्या) चाचणीला ५ दिवस लागतात, तेव्हा संकटात तिचा काहीच उपयोग नाही. रासायनिक ऑक्सिजन मागणी काही तासांत कळते.

विषच आहे असे ठरल्यावर माग उलट्या दिशेने, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जातो. मुख्य वाहिनीवरील मॅनहोलमध्ये नमुने घ्यायचे, ज्या शाखेत पदार्थ सापडेल तिच्याच वर सरकायचे आणि दर टप्प्याला निम्मे जाळे वगळायचे. रात्री गुपचूप सोडलेले पाणी दिवसा एकदाच घेतलेल्या नमुन्यात सापडत नाही, म्हणून प्रवाहाच्या प्रमाणात २४ तास नमुना गोळा करणारे यंत्र बसवतात. वाहिनीच्या भिंतीवरचा बुळबुळीत जैविक थर त्याहून चिवट साक्षीदार आहे. पाणी निघून गेल्यावरही त्यात धातू साठलेले सापडतात. कोणते धातू एकत्र येतात यावरूनही दिशा मिळते : क्रोमियम, निकेल व जस्त असले तर धातुमुलाम्याचे कारखाने, चांदी असली तर फिल्म धुण्याची जागा, पारा असला तर दंतचिकित्सालये. तांबे मात्र घरांतल्या नळांच्या गंजण्यातूनही येते, तिथे दोषी असा कोणी नसतो. कधी उगम केंद्राच्या कुंपणाच्या आतच निघतो. गाळ पिळून निघालेले अमोनियायुक्त पाणी परत सुरुवातीला सोडतात, आणि नमुनायंत्र त्या नळीच्या पुढे बसवलेले असेल तर ते शहराऐवजी केंद्राचेच पाणी मोजत राहते.

१९७७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील लुइव्हिल शहराच्या मॉरिस फोरमन केंद्रात ही दोन्ही कामे एकमेकांत कशी अडकतात ते दिसले. जाळ्यांवर आणि वाळू काढण्याच्या यंत्रणेवर उग्र वासाचा चिकट पदार्थ जमला. ही देखभालीची अडचण समजून तो वाफेने धुण्याचा प्रयत्न झाला, तशी निळसर धुराळी पसरली. डोळे, घसा आणि छाती जळजळत असल्याने अनेक कामगारांना उपचार घ्यावे लागले. तो पदार्थ मुख्यतः हेक्झाक्लोरोसायक्लोपेंटाडाइन होता, कीटकनाशके बनवताना वापरले जाणारे रसायन. केंद्र बंद करावे लागले, प्रक्रिया न केलेले मैलापाणी ओहायो नदीत गेले आणि दूषित वाहिनीचा शोध मॅनहोलमागून मॅनहोल तपासून लावावा लागला. जाळीवर अनोळखी थर दिसला तर धुण्याआधी त्याचा नमुना घ्यायचा, हा नियम या घटनेवरून सहज पटावा.

काही पदार्थ केंद्राला न त्रासवता आरपार निघून जातात. पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन त्यातले एक. जैविक प्रक्रियेत ते मोडत नाही. मिशिगन राज्याने २०१८ पासून शहरांच्या केंद्रांना त्याचे स्रोत शोधायला लावले, तेव्हा क्रोम मुलाम्याचे कारखाने ठळकपणे पुढे आले. मुलाम्याच्या टाकीतून उडणारे तुषार दाबण्यासाठी घातल्या जाणाऱ्या, पीएफओएस असलेल्या रसायनाचा वापर थांबल्यानंतरही टाक्या-नळांत उरलेला अंश पाण्यात उतरत होता. उगमापाशी सक्रिय कार्बन बसवल्यावर प्रमाण खाली आले.

रोजच्या देखभालीत सर्वाधिक वेळ खातात त्या चिंध्या आणि शौचालयात टाकलेले ओले वाइप्स. ते पंपाच्या इम्पेलरला (आतल्या फिरत्या चक्राला) गुंडाळतात, मोटरचा विद्युतप्रवाह चढतो आणि पंप बंद पडतो. वाळू इम्पेलर झिजवते. बेअरिंगला ग्रीस कमी पडले तर ते जळते, आणि जादा झाले तरीही तापते. गाळाच्या नळ्यांत मॅग्नेशियम, अमोनिया व फॉस्फेट एकत्र येऊन स्ट्रुव्हाइटचे दगडी थर धरतात. गाळ कुजवून मिळणाऱ्या वायूतील सिलोक्सेन (सिलिकॉनयुक्त संयुगे) जळून इंजिनात वाळूसारखी सिलिका साचते. कंपन, तेल आणि मोटरचा विद्युतरोध यांच्या नोंदी नियमित ठेवल्या तर बिघाड आधीच कळतो. राखीव पंप मात्र आळीपाळीने चालवावा, नुसता उभा ठेवलेला पंप गरजेच्या वेळी अडतो.

हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि ते वाहिन्यांचे काँक्रीट खाते. माणसाला तो वायू त्याहून घातक. सुमारे १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक त्याचा वास ओळखणे सोडून देते, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असे होत नाही. मॅनहोलमध्ये उतरण्याआधी ऑक्सिजन, ज्वलनशील वायू व हायड्रोजन सल्फाइड मोजतात, उतरल्यावरही मापक अंगावर ठेवतात आणि वर एक माणूस सतत उभा असतो. पंप उघडण्याआधी त्याच्या वीज-स्विचला कुलूप लावतात, किल्ली काम करणाऱ्याकडेच राहते.