ग्रामपंचायतीची खुली माहिती

ग्रामपंचायतीने आपल्या गावाविषयी गोळा केलेली किंवा कारभाराच्या ओघात तयार झालेली माहिती कोणालाही अर्ज न करता, कारण न सांगता पाहता यावी, तिची नक्कल घेता यावी आणि ती पुन्हा वापरता यावी अशा रीतीने प्रसिद्ध केली, की तिला खुली माहिती म्हणतात. ‘खुला डेटा’ आणि ‘मुक्त विदा’ हे शब्दही वापरात आहेत. गावाचा जमाखर्च, घरपट्टीची मागणी व वसुली, रस्ते, विहिरींची पाणीपातळी, पाऊस, झाडे, योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या असे बरेच काही तिच्यात येते. मागितल्यावर मिळणारी माहिती मात्र तिच्यात मोडत नाही. अर्ज करणाऱ्याला कार्यालयाचा उंबरठा ओलांडावा लागतो, आपले नाव सांगावे लागते, आणि लहान गावात ‘याला हे कशाला हवे’ या नजरेला तोंड द्यावे लागते. माहिती आधीच उघडी असली, की हा सगळा भार नागरिकाच्या डोक्यावरून उतरतो. खुलेपणाचे खरे मोल यात आहे.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात पंचायतीच्या दप्तरापासून करावी लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ प्रमाणे हे दप्तर १ ते ३३ नमुन्यांत ठेवले जाते. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प, नमुना ५ रोकडवही, नमुना ८ कर आकारणी नोंदवही, नमुना ९ कराची मागणी नोंदवही. घर विकताना किंवा कर्ज काढताना लागणारा ‘नमुना आठचा उतारा’ तर घरोघरी माहीत असतो. स्थावर मालमत्ता, पंचायतीच्या ताब्यातील रस्ते आणि जमिनी यांच्या नोंदी अनुक्रमे २२, २३ आणि २४ या नमुन्यांत असतात. मजुरांचा हजेरीपट नमुना १९ मध्ये, तर वृक्ष नोंदवही शेवटच्या, ३३ व्या नमुन्यात. हे नमुने हिशेबासाठी आखलेले आहेत, तरी एकत्र वाचले तर गाव कसे जगते ते त्यांतून कळते: कोणत्या वस्तीवर अजून मातीची घरे आहेत, थकबाकी कुठे साचली आहे, रस्ता कुठे संपतो. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ही विदा गावातच, कपाटात होती.

ते कपाट उघडण्याचा हक्क लढून मिळाला. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली, आणि कागदावरची मजुरी व हातात पडलेली मजुरी यांतले अंतर सगळ्यांना एकदमच कळले. पुढे १९९७ मध्ये तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी माहितीच्या अधिकाराचे कायदे केले. महाराष्ट्रात राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनी हा प्रश्न लावून धरला आणि राज्याचा २००२ चा अधिनियम आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने या सगळ्याला देशभर एकच चौकट दिली.

या केंद्रीय कायद्याचे कलम ६, म्हणजे अर्जाचे कलम, लोकांच्या ओळखीचे झाले. खुल्या माहितीचा कणा आहे तो मात्र कलम ४. ग्रामपंचायत हे सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे १७ बाबींची माहिती तिने स्वतःहून प्रसिद्ध करून वेळोवेळी अद्ययावत ठेवायची आहे. अर्थसंकल्प, कर्मचाऱ्यांचे वेतन, अनुदानाच्या योजना आणि त्यांचे लाभार्थी हे त्यात आले. कलम ४(२) चा रोख स्पष्ट आहे: लोकांना अर्ज करण्याची गरज शक्य तितकी कमी पडावी. प्रसिद्धी म्हणजे काय, हेही याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे. सूचना फलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे, इंटरनेट अशा साधनांबरोबर कार्यालयात जाऊन पाहणी करणे हेही त्यात धरले आहे. म्हणजे दवंडी आणि चावडीवरचा फळा यांना कायद्याने संस्थळाच्या बरोबरीने बसवले आहे. ज्या गावात वाचता न येणारी म्हातारी माणसे आहेत, तिथे ही तरतूद फार शहाणपणाची ठरते.

वाचून दाखवण्याला महाराष्ट्रात जुना शब्द आहे: चावडी वाचन. महसूल खात्याने सातबारा संगणकावर आणताना नोंदींतल्या चुका शोधण्यासाठी हीच पद्धत वापरली. तलाठ्याने नोंदी वाचायच्या आणि खातेदारांनी हरकत घ्यायची. पंचायतीच्या माहितीसाठी हे काम ग्रामसभा करते. कायद्याप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. जमाखर्च, लेखापरीक्षणातले आक्षेप, लाभार्थ्यांची निवड हे विषय तिच्यापुढे येतात. नोंदवहीत ‘विंधन विहीर, शाळेजवळ’ असे लिहिलेले असते. शाळेजवळ अशी विहीर आहे का, तिला पाणी लागले का आणि हातपंप किती दिवस चालला, हे समोर बसलेल्या पन्नास माणसांना तोंडपाठ असते. एवढी कडक तपासणी जिल्ह्याच्या कोणत्याही कार्यालयात होऊ शकत नाही. सभा घाईने उरकली आणि इतिवृत्तावर सह्या मागाहून घेतल्या, की ही तपासणी बुडते आणि चुकीची नोंद पुढे संस्थळावर खरी म्हणून नांदू लागते.

संस्थळांची बाजू गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, केंद्राने ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू केली. पंचायतीचा वार्षिक आराखडा, मंजूर कामे, मिळालेला निधी आणि झालेला खर्च तिच्यावर कोणालाही दिसतो. महाराष्ट्रात हा आराखडा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ओळखला जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवला गेला, तेव्हा त्या बंधनाचा हिशेबही गावकऱ्याला इथेच ताडता येऊ लागला. मिशन अंत्योदय या केंद्राच्या ग्रामविकास उपक्रमाच्या सर्वेक्षणातून रस्ता, बाजार, दवाखाना, शाळा अशा सोयींची गाववार माहिती जमते आणि तीही उघडी असते.

तरीही पाहता येणे आणि वापरता येणे यांत बरेच अंतर उरते. जिल्हा, तालुका, गाव असे निवडत एकेका पंचायतीपर्यंत जावे लागते. तालुक्यातल्या सगळ्या गावांचा पाणीपुरवठ्यावरचा खर्च शेजारी शेजारी मांडायचा, तर बहुधा हाताने उतरवून घेण्याला पर्याय नसतो. अनेक ठिकाणी सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र चढवले की माहिती प्रसिद्ध झाली असे धरले जाते. त्यातले आकडे संगणकाला वाचता येत नाहीत. मराठीची आणखी एक अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या याद्या दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की अक्षरांचा नुसता चिखल दिसतो आणि शोधल्यावर गावाचे नावही सापडत नाही. राष्ट्रीय पातळीवर २०१२ चे विदा सामायिकीकरणाचे धोरण आणि २०१७ चा सरकारी खुल्या विदेचा परवाना असे दोन्ही आहेत. त्यांचे वारे तालुक्याच्या खाली अजून फारसे पोहोचलेले नाही.

या बाबतीत इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांकडून शिकण्यासारखे आहे. तिथल्या २०१५ च्या स्थानिक पारदर्शकता संहितेप्रमाणे परिषदेला ५०० पौंडांहून मोठा प्रत्येक खर्च तारीख, रक्कम आणि पैसे कोणाला दिले त्याच्यासह दर तिमाहीला प्रसिद्ध करावा लागतो. तो सरळ तक्त्याच्या फाइलमध्ये द्यावा, असा संहितेचा आग्रह आहे. त्यामुळे दोन परिषदांचे आकडे शेजारी ठेवण्याचे काम मिनिटांत होते. मात्र त्या फाइली समोर बसून ऐकणारी ग्रामसभा तिथे नाही. आपल्याकडे सभा आहे आणि फाइल नाही. गावाला दोन्ही हवेत.

कोणत्या गावाची माहिती, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. जनगणना महसुली गावाप्रमाणे मोजते, तर पंचायत अनेकदा गट ग्रामपंचायत असते, म्हणजे दोन-तीन गावांची मिळून एक. कोकणातल्या वाड्या, मराठवाड्यातले तांडे, नंदुरबारकडचे पाडे यांना बऱ्याच तक्त्यांत स्वतःची ओळच नसते. गावठाणात नळ आला आणि तांड्यावर आला नाही, तरी तक्ता गाव ‘पाणीपुरवठा असलेले’ म्हणून दाखवू शकतो. त्यातच २०११ नंतरची जनगणना लांबली. त्यामुळे दरडोई म्हणून मांडलेले कितीतरी आकडे जुन्या लोकसंख्येवर उभे आहेत. वस्तीनिहाय नोंद ठेवणारी पंचायत म्हणूनच फार मोलाची.

विदेचा सर्वांत ठसठशीत उपयोग दिसतो तो पाण्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण पट्ट्यातले गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे झाली. त्यांच्याबरोबरीने मोजण्याची सवय लागली, आणि या सवयीमुळे ही कामे टिकली. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरलेल्या विहिरींची पातळी नोंदली जाते, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी झाले. हजार हेक्टरांच्या शिवारावर तोच मिलिमीटर १ कोटी लिटर होतो. त्यातले वाहून किती गेले, बाष्प होऊन किती उडाले आणि मुरले किती, याचा अंदाज काढून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला ठेवायचे. उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची हे ठरते. पाऊस कमी झालेल्या वर्षी जास्त पाण्याची पिके टाळली जातात. शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर गावाने स्वतःच बंदी घातली आहे. असा निर्णय वरून लादला असता तर चार महिन्यांत मोडला असता. इथे आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोजलेला असतो, म्हणून तो पाळला जातो.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने हाच विचार सात राज्यांत नेला, त्यांत महाराष्ट्र आहे. भूजलाची माहिती जाहीर करणे ही या योजनेत निधी मिळण्याची एक अटच होती. पातळी आणि पाऊस गावात लावलेल्या फलकांवर लिहिले जाऊ लागले. पुण्यात मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. पण एका पाणलोटात अशा विहिरी मोजक्याच, आणि सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या पातळीवर. मंडळात गावे अनेक असतात आणि पाऊस एका शिवारात पडून बांधापलीकडे कोरडे ठेवतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक आणि वर्षानुवर्षांची वही हाताशी असली, तर दुष्काळाच्या किंवा विम्याच्या वादात गावाला पुराव्यानिशी बोलता येते.

दुसरी महत्त्वाची नोंद म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि अशी नोंदवही बंधनकारक केली. या कल्पनेमागे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे दीर्घ काम आहे. रानभाज्या, देशी वाण, नदीतले मासे, देवराया यांची माहिती गावकऱ्यांकडूनच गोळा करायची असते. मुदत पाळायची म्हणून एकाच साच्यात भरलेल्या नोंदवह्या मात्र वाचायला उदासवाण्या असतात, कारण शेजारच्या दोन गावांत झाडांची तीच यादी त्याच क्रमाने येते. जिथे म्हाताऱ्या बायका आणि गुराखी बरोबर फिरले, तिथली वही एका नजरेत ओळखू येते.

याच नोंदवहीमुळे खुलेपणाची मर्यादाही ध्यानात येते. वैदूला ठाऊक असलेले औषध आणि ते उगवण्याची नेमकी जागा जगजाहीर केली, तर फायदा भलत्याच कोणाचा होतो. ते ज्ञान गावाचे असल्यामुळे ते किती उघड करायचे हेही गावानेच ठरवावे. जन्म-मृत्यूच्या नोंदी, आजार आणि जातीचे तपशील यांना अधिकच जपावे लागते. शहरात नाव काढून आकडा दिला की माणूस झाकला जातो. ऐंशी उंबऱ्यांच्या गावात तसे होत नाही. वस्तीवर त्या जातीचे एकच घर असेल, तर ‘थकबाकीदार: १’ म्हणजे नाव घेतल्यासारखेच.

उलट, घरकुलाच्या किंवा रोजगाराच्या यादीतली नावे झाकली तर खोटा लाभार्थी पकडण्याचा गावाजवळचा एकमेव मार्ग बंद होतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने हजेरीपट लोकांसाठी उघडे ठेवले आणि कलम १७ ने ग्रामसभेकडे सामाजिक लेखापरीक्षण सोपवले, ते याचसाठी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारे कलम, बदलले. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही त्यातली तरतूद गेली आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण उरले. कलम ४ मात्र जागेवर आहे. अनुदानाचे लाभार्थी प्रसिद्ध करण्याचे पंचायतीचे कर्तव्य त्यातून सुटलेले नाही. कोणाला किती रक्कम आणि कोणत्या कामासाठी मिळाली हे फलकावर लावायचे, आणि आधार क्रमांक, बँकखाते, आजार हे कपाटात ठेवायचे, अशी रेघ गावपातळीवर ओढता येते. ती यादी लावण्यापूर्वी ओढावी लागते, कारण फलकावरचे एकदा वाचले गेले की ते पुसून उपयोग नसतो.