विकरांचे स्वयंचलित मापन

रक्तातील किंवा लघवीतील विकर, म्हणजेच एन्झाइम, किती वेगाने काम करते हे यंत्राच्या साह्याने मोजण्याची वैद्यकीय प्रयोगशाळांतील पद्धत. साखर मोजताना ती किती आहे ते पाहतात. विकर मात्र नमुन्यात इतके थोडे असते की त्याचे वजन काढण्यापेक्षा त्याचे काम मोजणे सोपे पडते. म्हणून रिपोर्टवर एसजीपीटी या यकृतातील विकरापुढे मिलिग्रॅम लिहीत नाहीत, ‘युनिट प्रति लिटर’ लिहितात. ठरलेल्या परिस्थितीत मिनिटाला १ मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर घडवते तेवढी क्रियाशीलता म्हणजे १ युनिट. १९९९ मध्ये ‘कॅटल’ या एककाला एसआय पद्धतीत स्थान मिळाले, पण आपल्याकडचे डॉक्टर अजून युनिटमध्येच बोलतात.

या मोजणीची सुरुवात लघवीपासून झाली म्हटले तरी चालेल. जर्मनीत वोल्गेमुट यांनी १९०८ मध्ये लघवीतील डायास्टेज, म्हणजे पिष्ट (स्टार्च) फोडणारे आजचे अमायलेज, मोजण्याची रीत दिली. ओळीने लावलेल्या परीक्षानळ्यांत लघवीचे प्रमाण कमी-कमी करत न्यायचे, पिष्ट घालायचे आणि शेवटी आयोडीन टाकून निळा रंग कुठून उमटतो ते पाहायचे. आजच्या मोजणीचा पाया ओटो वारबुर्ग यांच्या १९३० च्या दशकातील कामात आहे. एनएडीएच हे संयुग ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते, त्याचे एनएडी झाले की शोषत नाही. म्हणून शोषण किती वेगाने बदलते त्यावरून विकराचा वेग कळतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एसजीओटी हे विकर वाढते, हे कार्मेन, व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी १९५४ मध्ये दाखवले, आणि विकरांच्या तपासण्यांना मागणी आली.

एसजीपीटीचे उदाहरण घेऊ. हे विकर अ‍ॅलनिनपासून पायरुव्हेट बनवते. पायरुव्हेट डोळ्याला दिसत नाही आणि प्रकाशमापकालाही सहजी पकडता येत नाही, म्हणून रिएजंटमध्येच, म्हणजे तपासणीच्या रासायनिक द्रावणातच, दुसरे विकर, एलडीएच, घातलेले असते. ते पायरुव्हेटचे लॅक्टेट करते आणि त्यापायी एनएडीएच खर्च होते. १ मिलिलिटर रिएजंटमध्ये १०० मायक्रोलिटर सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घातले आणि ३४० नॅनोमीटरवरचे शोषण मिनिटाला ०.०२५ ने घसरले, तर त्याला सुमारे १७६८ ने गुणायचे; हा आकडा सिरम-रिएजंटच्या प्रमाणावरून आणि एनएडीएचच्या शोषणक्षमतेवरून निघतो. उत्तर येते ४४ युनिट प्रति लिटर. तालुक्याच्या गावात ‘सेमी-ऑटो’ मशीनवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला हा ‘फॅक्टर’ ओळखीचा असतो.

‘फुली-ऑटो’ मशीन हेच सगळे हाताशिवाय करते. लिओनार्ड स्केग्ज यांचे ऑटोअ‍ॅनालायझर १९५७ च्या सुमारास आले. त्यात नळीतून वाहणारे नमुने हवेच्या बुडबुड्यांनी एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असत. कल्पना सुरेख, पण नमुना वाहत पुढे जायचा आणि वाचन साधारणपणे ठरल्या वेळी एकदाच व्हायचे. विकराच्या मोजणीत तर वेग पाहायचा असतो, म्हणजे वाचने पुन्हा-पुन्हा हवीत. ती अडचण अमेरिकेतील ओक रिज येथे नॉर्मन अँडरसन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अपकेंद्री यंत्राने सोडवली: फिरत्या चकतीवरचे सगळे नमुने दर फेरीला प्रकाशझोतातून जात. आजच्या यंत्रांत क्यूव्हेटांची, म्हणजे प्रकाश आरपार जाणाऱ्या छोट्या पात्रांची, रांग ३७ अंश सेल्सियसला फिरत राहते आणि प्रत्येकीचे वाचन काही सेकंदांनी पुन्हा-पुन्हा होते. तापमान ढळले की आकडा ढळतो. १० अंशांनी वेग साधारण दुपटीच्या आसपास बदलतो, त्यामुळे वेगवेगळ्या तापमानांना काढलेले जुने आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

यंत्राला फसवणारी गोष्ट मात्र मजेशीर आहे. विषाणुजन्य काविळीत एसजीपीटी हजारोंच्या घरात गेले, तर पहिल्या वाचनाआधीच क्यूव्हेटमधले एनएडीएच संपून जाते. मग आलेख सपाट, आणि उतार शून्याजवळ. ज्याचे यकृत सर्वांत बिघडलेले, त्याचाच आकडा नॉर्मल! चांगले यंत्र अशा वेळी ‘फ्लॅग’ देते. सिरम सलाइनने पातळ करून पुन्हा लावावे लागते. फ्लॅगकडे काणाडोळा करून रिपोर्ट सोडणे हा या कामातला सर्वांत महाग आळस.

बाकीचे घोटाळे बहुधा नमुन्यातच असतात. सुई लावताना रक्तपेशी फुटल्या तर त्यांतले एलडीएच सिरममध्ये उतरते आणि एलडीएचचा आकडा फुगतो. ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले रक्त अल्कलाइन फॉस्फटेजला चालत नाही, कारण त्या विकराला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियम ईडीटीए पकडून ठेवते.

लघवीचा नमुना आणखी लहरी. पाणी जास्त प्यायले की तो पातळ होतो, म्हणून आकडा बहुधा लघवीतून बऱ्यापैकी स्थिर वेगाने बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनीनच्या प्रमाणात सांगतात. त्यात विकराच्या कामात अडथळा आणणारी द्रव्येही असतात, आणि आम्ल लघवीत अमायलेज टिकत नाही. तरीही काही माहिती लघवीच देते. एनएजी या विकराचा रेणू इतका मोठा असतो की रक्तातून मूत्रपिंडाच्या गाळणीतून तो सहसा उतरत नाही. लघवीत ते वाढले तर मूत्रनलिकांच्या पेशींना इजा झाल्याची शंका येते. अमायलेजचा रेणू लहान, तो गाळणीतून उतरतो. पण काही जणांत अमायलेज प्रतिपिंडाला चिकटून मोठे होते आणि रक्तातच अडकते. एरवी अमायलेज वाढले की स्वादुपिंडाच्या आजाराची शंका येते; इथे रक्तातला आकडा वाढलेला, लघवीतला कमी, आणि स्वादुपिंड ठणठणीत.